आंबट भाताचं कूळ

"गो, भात जरा आंबट लागता," सासूबाई म्हणाल्या. सावंतवाडीच्या जिभेला माशाचं काय नवल! बंगळुरात रेसिडेन्सी रोडवरच्या जपानी उपाहारगृहात पहिला घास घेतला, तेव्हा त्यांना जाणवला तो भात. नातवाला कच्चा मासा खाल्ल्याचं अप्रूप, पण वर्मावर बोट ठेवलं आजीनं. 'सुशी' या जुन्या जपानी शब्दाचा अर्थच मुळी 'आंबट'. त्या नावात मासा नाही. आपली आंबील जशी चवीवरून ओळखली जाते, तशीच सुशीही.

अभ्यासक तिचं मूळ आग्नेय आशियातल्या, मेकाँग खोऱ्याकडच्या भातशेतीत शोधतात. हंगामात मासे उदंड, मग टंचाई. म्हणून मासे मीठ लावून शिजवलेल्या भातात दाबून ठेवायचे. भात आंबला की त्यात लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि मासा कुजत नाही. इडलीचं पीठ आंबतं तेही याच जातीच्या जिवाणूंमुळे. मासा खायचा आणि लगदा झालेला भात टाकून द्यायचा. जपानात 718 साली रचलेल्या योरो संहितेत, करापोटी भरायच्या जिनसांत असा मासा आहे. बिवा सरोवराकाठी फुनाझुशी अजून याच रीतीनं होते: गाभोळीनं भरलेला मासा आधी मिठात, मग भातात, वर वजन, आणि महिनोन् महिने वाट.

या साऱ्या कथेत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते भात टाकणं थांबलं ते. मुरोमाची काळात, म्हणजे साधारण चौदाव्या ते सोळाव्या शतकात, मासा पुरता मुरायच्या आत लोक तो भातासकट खाऊ लागले. ज्याचा उपयोग फक्त मासा टिकवण्यापुरता, त्या अन्नाला ताटात जागा मिळाली. पुढे तेवढंही थांबायला नको म्हणून भातात सरळ व्हिनेगर घालू लागले. आंबवणं गेलं, आंबटपणा राहिला.

हे व्हिनेगर महाग असतं तर सुशी रस्त्यावर आलीच नसती. 1804 साली हांदा गावच्या नाकानो माताझाएमोन या साके गाळणाऱ्यानं उरलेल्या चोथ्यापासून तांबूस, स्वस्त व्हिनेगर काढलं. ते जहाजांनी एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, जाऊ लागलं. तिथे 1820च्या दशकात हानाया योहेईनं भाताचा मुटका वळून वर माशाचा काप बसवला; निगिरीचा मान त्याला देतात. तेव्हाचा घास आजच्यापेक्षा बराच मोठा असे आणि गाड्यापाशी उभ्याउभ्याच खात.

हांदा आयची प्रांतात आहे. टोयोटाचं माहेरही तेच. आपल्या किर्लोस्करांशी भागी करून ती 1997 साली बंगळुराजवळ बिडदीला आली. व्हिनेगर आणि मोटारी एकाच मुलखातून निघाल्या, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

त्या उपाहारगृहात काउंटरपलीकडे आचारी पसरट लाकडी भांड्यातल्या वाफाळत्या भातावर व्हिनेगर शिंपडत होता. उलथनं आडवं धरून भात कापल्यासारखा सोडवत होता. शीत मोडत नव्हतं. सासूबाई घास हातात धरून बघत राहिल्या.

घरी आल्यावर लुगडंही न बदलता त्या ओट्याशी गेल्या आणि आंबोळीच्या पिठावरचं झाकण उचललं. पीठ काठाशी आलं होतं.