कॉब्लर, राख आणि पन्नास झाडं

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी कोलंबसच्या बाहेरच्या एका बागेतून मी पिशवीभर सफरचंदं घेऊन आलो. पिशवीवर 'रोम ब्यूटी' लिहिलं होतं. गल्ल्यावरच्या बाईंनी पैसे घेतानाच बजावलं, ही नुसती खायची नाहीत, भाजायची. मी अर्थातच गाडीत बसून एक खाल्लं. बाई बरोबर होत्या. पिठूळ, जाड सालीचं, चवीला बेताचंच. पण हे सफरचंद ओव्हनमध्ये गेलं की गाळ होत नाही, फोड फोडच राहते. म्हणून कॉब्लर करायचं ठरवलं.

ज्यांनी खाल्लेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खोलगट भांड्यात साखर-दालचिनी लावलेल्या फोडी, त्यावर ताकात भिजवलेल्या सैलसर मैद्याचे गोळे चमच्याने सोडायचे आणि वरून लालसर होईपर्यंत भाजायचं. पायसारखी खाली पारी नाही, लाटणं नाही, कडा मुडपणं नाही. व्हिडिओ कॉलवर आई हे सगळं सांगलीहून बघत होती.

"अरे, खाली काहीच नाही? मग कापायचं कसं?"

"कापायचं नाही, चमच्याने वाढायचं."

"म्हणजे करंजी जमली नाही की सारणावर पीठ टाकून मोकळं व्हायचं!"

हसू आलं, पण कॉब्लरचा इतिहास साधारण हाच आहे. इंग्लंडातून आलेल्या बायकांना पाय करता येत होता. अठराव्या शतकाच्या शेवटी ॲपलेशियन डोंगर ओलांडून ओहायो नदीच्या खोऱ्यात आलेल्या कुटुंबांकडे विटांची भट्टी नव्हती. लाकडाच्या ओंडक्यांची खोली, एक चूल आणि बिडाचं एक जड भांडं. त्याच्या झाकणाला कड असायची, म्हणजे वर निखारे ठेवता येत. आपल्याकडे पातेल्यावर निखाऱ्यांचं ताट ठेवून दम देतात, तीच युक्ती. अशा भांड्यात नाजूक पारी कुठून भाजणार? फळ खाली, पीठ वर. १८३९ साली केंटकीच्या लेटिस ब्रायन यांनी पाककृतींचं जाडजूड पुस्तक काढलं, त्यात पीचचं कॉब्लर आहे. पाहुण्यांपुढे मिरवण्याजोगा हा पदार्थ नाही, घरच्यांसाठी मात्र उत्तम, असा त्यांचा शेरा. सोबत गार दूध घ्यायला सांगतात. नावाचं मूळ कोशकारांनाही नक्की लावता आलेलं नाही. इंग्रजीत कॉब्लर म्हणजे जोडे सांधणारा मोचीही, आणि ठिगळं जोडल्यासारखा दिसणारा हा पदार्थ बघून ते पटतंही, पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे.

मला जास्त गुंतवलं ते वरच्या पिठाने. ते फुगतं कशानं? आज दीड चमचा बेकिंग पावडर. पण ती डब्यात मिळू लागली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधी होती पर्लॲश, म्हणजे राख. जमीन मोकळी करायची तर आधी जंगल तोडायचं. एवढ्या लाकडाचं करणार काय? जाळायचं. त्या राखेतून पाणी झिरपवायचं, ते पाणी लोखंडी कढईत आटवायचं की तळाशी काळपट क्षार उरतो, तो पोटॅश. नावातच 'पॉट' आणि 'ॲश' आहेत. तो पुन्हा भट्टीत भाजला की पांढरी पर्लॲश. साबण आणि काचेच्या कारखान्यांना ती हवी असायची, त्यामुळे पीक हाती येण्याआधी राख विकून रोख पैसा मिळे. अमेरिकेचं अगदी पहिलं पेटंट, ३१ जुलै १७९०, सॅम्युअल हॉपकिन्स यांच्या नावावर, कशाचं आहे? पोटॅश आणि पर्लॲश बनवण्याच्या सुधारित पद्धतीचं. त्यावर जॉर्ज वॉशिंग्टनची सही आहे. मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथे पेटंटची चर्चा रोज असते. राखेपासून सुरुवात झाली हे मात्र एकानेही सांगितलं नव्हतं.

१७९६ साली अमेलिया सिमन्स यांचं 'अमेरिकन कुकरी' आलं. अमेरिकन लेखिकेने लिहून अमेरिकेत छापलेलं पहिलं पाकपुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. त्यात पिठात पर्लॲश घालायला सांगितली आहे. ती अल्कली, ताक आंबट. दोघं भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीठ फुगतं. आजी पापडाच्या पिठात पापडखार घालायची, त्याच गोत्रातली ही गोष्ट. म्हणजे तोडलेलं जंगल पीठ फुगवायच्या कामी आलं आणि ते पीठ पसरलं मोकळ्या जमिनीवर लावलेल्या झाडांच्या फळांवर.

झाडं तरी का लावली? आवडीने, असं मला वाटायचं. पण १७८८ साली ओहायो कंपनीने मॅरिएटा वसवलं आणि १७९२ मध्ये काँग्रेसने तिला आणखी एक लाख एकर दिले, सरहद्दीवर राहायला तयार असणाऱ्यांना फुकट वाटण्यासाठी. माणशी शंभर एकर. अटी होत्या: घर बांधा, जमीन कसा आणि तीन वर्षांत सफरचंदाची किंवा नासपतीची ५० आणि पीचची २० झाडं लावा. झाड लावणारा माणूस पळून जात नाही, हा हिशोब. सातबाऱ्यावर झाडांची नोंद का महत्त्वाची असते हे ज्यांच्या घरात जमिनीचे वाद झालेत त्यांना समजावून सांगायला नको. जॉन चॅपमन, ज्याला मुलांच्या गोष्टींत 'जॉनी ॲपलसीड' म्हणतात, तो अनवाणी फिरून बिया उधळणारा वेडा साधू नव्हता. तो पुढे जाऊन कुंपण घातलेल्या रोपवाटिका करायचा आणि रोपं विकायचा. १८४५ साली वारला तेव्हा त्याच्या नावावर हजारावर एकर जमीन होती.

सरहद्द म्हणजे शॉनी, लेनापे, मायामी लोकांची भूमी. आणि ते झाडं लावत नव्हते असं अजिबात नाही. १७७९ साली वॉशिंग्टनच्या हुकमावरून जनरल सुलिव्हनचं सैन्य न्यूयॉर्कमधल्या हॉडेनोशोनी लोकांच्या मुलखात शिरलं. चाळीसहून जास्त गावं जाळली. सैनिकांच्या रोजनिशांत मक्याच्या शेतांबरोबर सफरचंदाच्या आणि पीचच्या बागांची वर्णनं आहेत, आणि त्या तोडल्याचीही. एका कायुगा गावात पीचची सुमारे दीड हजार झाडं पाडली. पेटंटवरची सही आणि हा हुकूम एकाच माणसाचा. झाड असणं हा मालकीचा पुरावा खरा, पण कुणाच्या झाडाला पुरावा म्हणायचं हे ठरवणारा वेगळाच असतो.

आता माझ्या पिशवीतलं सफरचंद. सफरचंदाची बी पेरली तर आईसारखं फळ येत नाही, प्रत्येक बी नवीच निघते, बहुतेक वेळा आंबट-तुरट. तशी फळं साइडरची दारू गाळायला जायची. हवं तेच फळ हवं असेल तर कलम करावं लागतं. मॅरिएटाजवळच्या पटनम कुटुंबाच्या रोपवाटिकेतून जोएल जिलेट यांनी रोपं घेतली. साल १८१७च्या आसपासचं. एका रोपाला कलमाच्या खालून, म्हणजे बियांच्या खुंटातून, फुटवा आला होता. नियमाने ते रोप बाद. त्यांनी ते मुलाला, अलान्सनला देऊन टाकलं. मुलाने ते ओहायो नदीच्या काठावर लावलं आणि त्याला आली लालभडक, मोठाली फळं. गाव रोम टाउनशिप, म्हणून 'रोम ब्यूटी'.

त्या दिवशी बागेत रोपंही विकायला होती. मी विचारलं, फळ कधी धरेल? पाच-सहा वर्षं, उत्तर मिळालं. माझा व्हिसा तीन-तीन वर्षांच्या हप्त्यांत चालतो, घर भाड्याचं आहे. १७९२ साली तीन वर्षांत पन्नास झाडं लावली तर शंभर एकर मिळत होते. त्यातही देणाऱ्याची जमीन नव्हतीच. मी रोपाच्या कुंडीवरची चिठ्ठी वाचली, फोटो काढला आणि सफरचंदांचे पैसे दिले.

कॉब्लर मी १९० अंशांवर चाळीस मिनिटं ठेवलं. सहा सफरचंदं, अर्धी वाटी साखर, लिंबाचा रस. वर वाटीभर मैदा, थंड लोणी चुरून, ताक. वरून सुंदर रंग आला. आई म्हणाली, "आतून बघ." बघितलं तर गोळ्यांची फळाला टेकलेली बाजू कच्ची, चिकट. फळ गार होतं, वाफ उशिरा धरली. पुढच्या वेळी फोडी आधी दहा मिनिटं भाजून घेणार आणि गरम असतानाच वर पीठ सोडणार. उरलेलं सकाळी लेटिसबाईंच्या सांगण्याप्रमाणे गार दुधाबरोबर खाल्लं, कच्च्या बाजूसकट.