गिरगावातली इंग्रजी आणि शब्दयोगी अव्यये

नामाचा वाक्याशी असलेला संबंध मराठीत नामाला मागून जोडलेला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय दाखवते. इंग्रजीत हे काम नामाआधीचे प्रिपोझिशन करते. हा क्रम लवकर अंगवळणी पडतो. खरी अडचण मराठीतला एक प्रत्यय इंग्रजीत दोन-तीन शब्दांत फुटतो तेव्हा येते.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली निघाले आणि मराठीच्या विभक्ती शाळेत शिकवण्याजोग्या मांडल्या गेल्या. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर मॅट्रिकसाठी इंग्रजी अटळ झाली. गिरगावातल्या शाळांपासून गिरणगावातल्या रात्रशाळांपर्यंत अनेकांना आधार झाली ती द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची 'भाषांतर पाठमाला'. नियम, शब्द, मग दोन्ही बाजूंनी भाषांतर, अशी तिची रीत. ती योग्यच होती, कारण चूक मराठी वाक्यातच दडलेली असते.

'वर' घ्या. दादरला रुळांवर गाडी असते तिथे 'ऑन', रुळांवर टिळक पूल आहे तिथे 'ओव्हर'. दुकानाच्या वरच्या बिऱ्हाडाला मात्र 'अबव्ह'. पहिल्यात स्पर्श आहे, दुसऱ्यात अलीकडून पलीकडे जाणे, तिसऱ्यात नुसती उंची. चौपाटीवर भेटायचे ठरले तर 'अॅट', वाळूवर बसायचे तर 'ऑन'. शिंप्याने कात्रीने कापड कापले, या वाक्यात दोन्हीकडे 'ने' आहे. इंग्रजीत ते कर्मणी केले की कर्त्याला 'बाय' आणि साधनाला 'विथ' लागते. 'तासाभरात' म्हणजे तास संपताना असेल तर 'इन', त्याआधीच असेल तर 'विदिन'. 'पासून'ने सर्वांत जास्त गुण घालवले असावेत: सोमवारपासून आजवर चालू असलेल्या कामाला 'सिन्स', तीन दिवसांपासून चाललेल्याला 'फॉर', सोमवारपासून सुरू होणाऱ्याला 'फ्रॉम'.

१९३० च्या दशकात रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण आले. यातले रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. मोठ्या शहराआधी 'इन', लहान गावाआधी 'अॅट' हा त्यातला नियम पिढ्यांनी घोकला. आज विस्तार मनात असेल तर गिरगावालाही 'इन' चालते.

उलट बाजूही आहे. इंग्रजी 'विथ' मराठीत चाकूने, शेजाऱ्याशी, भावाबरोबर असे तीन वाटांनी जाते. 'विथ' वापरून लढल्याचे सांगितले, तर लढाई कोणाशी आणि कोणाच्या साथीने, हे इंग्रजीत संदर्भावरून ठरवावे लागते. मराठीत 'शी' आणि 'बरोबर' ते तिथेच सांगतात.