जुन्या वाड्यांच्या गटारात झाडांची मुळं : ओळखायची कशी, काढायची कशी

वाघोडिया (जि. वडोदरा) : मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की जुन्या घरांतून एकच तक्रार ऐकू येते. न्हाणीतलं पाणी उतरत नाही, संडासात गुडगुड आवाज येतो आणि अंगणातल्या कुंडीचं झाकण उचललं तर पाणी काठोकाठ. बांबूच्या कामटीने ढोसलं की पाणी मोकळं होतं, दोन-चार महिने बरे जातात आणि मग पुन्हा तेच. कामटीच्या टोकाला तपकिरी, केसाळ तंतूंचा झुपका अडकून आला तर तो कचरा समजून फेकून देऊ नये. ती झाडाची मुळं आहेत, आणि ती आली याचा अर्थ जमिनीखालचा नळ कुठेतरी उघडा पडलाय.

वडोदऱ्यात हा त्रास असावा यात नवल नाही. शहराचं नावच ‘वटोदर’, म्हणजे वडाचं पोट, यावरून आलेलं. सयाजीराव महाराज (तिसरे) यांच्या काळात, १८९२ मध्ये, वाघोडिया तालुक्यातल्या आजव्याच्या तलावाचं पाणी नळाने शहरात पोचलं. विहिरीवरून घागरीने आणलेलं पाणी माणूस जपून वापरतो. घरात नळ आला की सांडपाणीही वाढतं आणि त्याला वाट काढून द्यावी लागते. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी अशा जुन्या भागांतल्या घरांत ही वाट बहुतेक वेळा मधल्या चौकातून, घराच्या पोटाखालून, रस्त्याकडे जाते. नळ भाजक्या मातीचे, चकाकी दिलेले. बोलीत ‘चिनी मातीचे पाइप’ किंवा ‘स्टोनवेअर’. तालुक्याच्या गावांत गटारलाइन उशिरा आली, त्यामुळे जुन्या घरांच्या मागे खाळकुवा असतो. महाराष्ट्रात त्यालाच शोषखड्डा म्हणतात.

या मातीच्या नळाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तो गंजत नाही, आम्लाने झिजत नाही, शंभर वर्षं सहज टिकतो. दोष असतो तो सांध्यात. एकेक तुकडा साधारण दोन फुटांचा. म्हणजे चाळीस फुटांच्या लाइनीत वीसेक सांधे आले. सिमेंटच्या पातळ खळीत भिजवलेली सुतळी ठासून वर सिमेंटचा लेप द्यायचा, ही सांध्याची जुनी रीत. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दरवर्षीच्या या हलण्याने लेपाला केसाएवढी चीर पडते. तेवढी पुरते.

मूळ नळ फोडून आत शिरतं हा समज चुकीचा आहे. धडधाकट नळाला झाड काही करत नाही. चिरेतून ओल आणि वाफ बाहेर पडते. वैशाखात आजूबाजूची माती कोरडीठाक असताना तेवढीच जागा ओलसर राहते, आणि मुळाची वाढ ओलीच्या दिशेने होते. सुताएवढा तंतू आत जातो, तिथे त्याला बारमाही पाणी आणि खत मिळतं, आणि वर्ष-दोन वर्षांत आत जटा तयार होतात. त्या जटांत केस, तेलकट घाण, कागद अडकतो. मग बाहेरचं मूळ जाड होत जातं आणि तेव्हा मात्र ते पाचरीसारखं सांधा उचकटतं. वड, पिंपळ, उंबर हे या कामात सगळ्यांत पुढे. त्यांची मुळं फांद्यांच्या घेराबाहेरही लांब जातात, तेव्हा ‘आमच्या अंगणात तर झाडच नाही’ हे उत्तर पुरेसं नाही. शेजारच्या देवळाचा पिंपळ चालतो. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेलं बी गच्चीवरच्या हवेच्या पाइपाशी रुजलं तरी चालतं.

दुखणं नेमकं कुठे आहे ते आधी बघावं. फक्त मोरीच तुंबत असेल तर खराबी बहुधा तिच्या नहाणी ट्रॅपमध्ये असते. मोरी, संडास, स्वयंपाकघर सगळंच मंदावलं असेल आणि वर टाकलेलं पाणी सर्वांत खालच्या जागेतून वर येत असेल, तर मुख्य लाइन धरलेली आहे. दोन कुंड्यांच्या मधला भाग तपासायची जुनी पद्धत आरसा आणि बॅटरीची : एका कुंडीत उजेड धरायचा, दुसरीत आरसा. नळ सरळ आणि मोकळा असेल तर आरशात पूर्ण गोल दिसतो. मुळं असतील तर गोलाचा कडेचा घास तुटलेला दिसतो. नळाच्या आतल्या मापापेक्षा १३ मिलिमीटर लहान गुळगुळीत चेंडू वरच्या कुंडीतून सोडून तो खाली निघतो का पाहायचं, हीसुद्धा बांधकाम खात्यांची मान्य चाचणी आहे. आता कॅमेरा लावलेली वायर आत सोडून मोबाइलवर चित्र दाखवणारे लोक शहरात मिळतात. जुन्या घरासाठी हा खर्च करावाच, कारण फरशी नेमकी कुठे फोडायची ते त्यावरून कळतं. चित्रण स्वतःकडे ठेवून घ्यावं आणि मूळ कुंडीपासून किती फुटांवर आहे ते लिहून ठेवावं.

काढायच्या पद्धती तीन. कामटी भोक पाडते, मुळं काढत नाही. तिच्या पुढची पायरी म्हणजे फिरती वायर आणि टोकाला पातं असलेलं मशीन. ते नळाच्या मापाचं पातं लावून मुळं भिंतीलगत कापतं. चार इंची लाइनीत आधी लहान पातं आणि मग पूर्ण मापाचं, अशा दोन फेऱ्या लागतात. एकदम मोठं पातं घातलं तर ते सांध्याच्या पुढे आलेल्या काठावर आपटतं आणि मातीचा नळ टवका जाऊन फुटतो. तिसरी पद्धत जोराच्या पाण्याची, म्हणजे जेटिंगची. ती घाण आणि कापलेली मुळं स्वच्छ धुऊन काढते, पण तडे गेलेल्या नळात पूर्ण दाब लावला तर पाणी बाहेरची माती वाहून नेतं आणि नळाखाली पोकळी होते. म्हणून कॅमेरा आधी, जेट नंतर. कापलेली मुळं खालच्या कुंडीत जाळी धरून बाहेर काढायची. पुढे ढकलली की तीच म्युनिसिपालिटीच्या लाइनीत जाऊन बसतात.

औषधांचं बोलायचं तर दुकानदार हमखास मोरचूद सुचवतात. द्राक्ष-केळीच्या शेतकऱ्याला बोर्डो मिश्रणामुळे मोरचूद ओळखीचं असतं, त्यामुळे विश्वासही लगेच बसतो. ज्या मुळाला ते लागतं ते मरतं हे खरं. पण वाहत्या पाण्यात ते क्षणात निघून जातं आणि नळाच्या वरच्या अंगाने शिरलेल्या मुळांना स्पर्शही होत नाही. खाळकुव्याच्या किंवा सेप्टिक टाकीच्या घरात तर ते टाकूच नये, कारण मैला कुजवणारे जिवाणूच त्याने मरतात आणि टाकी लवकर भरते. ॲसिड ओतणं हा त्याहून वाईट उपाय. मुळं तशीच राहतात, सांध्याचं सिमेंट मात्र खाल्लं जातं.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट माणसाची आहे. जून २०१९ मध्ये शेजारच्या डभोई तालुक्यात फरतीकुईजवळ एका हॉटेलचा खाळकुवा साफ करताना सात जण गेले. चार सफाई कामगार, आणि उरलेले तीन हॉटेलचेच कर्मचारी. बंद खड्ड्यात साठणारा हायड्रोजन सल्फाइड सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास देतो, पण जास्त प्रमाणात तो नाकाची वास घेण्याची ताकदच मारतो. ‘आता वास येत नाही, उतरायला हरकत नाही’ हा हिशेब इथेच चुकतो. वरचा माणूस खालच्याला काढायला उडी मारतो आणि तोही जातो.

२०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टाकीत सफाईला उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा ठेकेदारापुरता नाही, काम सांगणाऱ्या घरमालकालाही लागू होतो. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी ठरवलेली दहा लाखांची भरपाई ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख केली. ‘पाचशे जास्त देतो, जरा उतरून बघ’ असं म्हणणाऱ्याने हे आकडे आधी वाचावेत. घरच्या उथळ कुंडीचं झाकण काढल्यावरही तासभर हवा लागू द्यावी, आत वाकू नये आणि उजेडासाठी काडी तर मुळीच ओढू नये.

मुळं कापल्यावर प्रश्न संपत नाही. छाटलेली फांदी जशी दाट फुटते तसंच मूळही फुटतं, आणि काही महिन्यांत परत येतं. इथे साधा जमाखर्च मांडावा. सहा महिन्यांनी एकदा माणूस बोलवावा लागत असेल तर दहा वर्षांत वीस फेऱ्या. त्या वीस बिलांची बेरीज आणि लाइन एकदाच बदलण्याचं कोटेशन शेजारी ठेवलं की निर्णय बहुतेक वेळा आपोआप होतो. बेरजेत न धरला जाणारा खर्च वेगळाच असतो. लाकडी खांब-तुळयांच्या घरात गळकी लाइन हळूहळू पायातली माती वाहून नेते. खांबाखालचा दगड एका बाजूने बसतो, वरची तुळई कलते, आणि घरमालक मात्र वरच्या भेगा भरत बसतो.

बदलायची असेल तर रबर रिंगच्या सांध्याचे जमिनीखाली वापरायचे पीव्हीसी पाइप चांगले, कारण रिंग थोडी हालचाल सोसते. उतार जुन्या ठोकताळ्याप्रमाणे : चार इंचाला चाळीस फुटांत एक फूट, सहा इंचाला साठ फुटांत एक. शक्य असेल तर नवी लाइन चौकाखालून न नेता बाजूच्या बोळातून न्यावी. भिंतीच्या कडेने सबंध चर एकदम उघडू नये. चार-पाच फुटांचा तुकडा खोदायचा, पाइप टाकायचा, भरून चोपायचा, मग पुढचा. पावसाळ्यात हे काम काढूच नये.

जिथे खोदणं शक्यच नाही तिथे जुन्या नळाच्या आत राळेत भिजवलेली पिशवी घालून ती फुगवून कडक करायची पद्धत आहे. १९७१ मध्ये लंडनमध्ये ती पहिल्यांदा वापरली गेली. नळाच्या आत बिनसांध्याचा दुसरा नळ तयार होतो, पण आधी मुळं पूर्ण काढावी लागतात आणि बसलेला उतार त्याने सुधारत नाही. आपल्याकडे हे काम बहुतेक महापालिकांच्या मोठ्या लाइनींवर होतं. घरगुती चार इंचाला ठेकेदार मिळवणं अजून कठीणच.

परवानगीचा गोंधळ दोन ठिकाणी होतो. तांबेकर वाड्यासारख्या केंद्र संरक्षित वास्तूच्या शंभर मीटरच्या आत राहणाऱ्यांना वाटतं की गटारालाही हात लावता येणार नाही. कायद्यातल्या ‘बांधकाम’ या शब्दाच्या व्याख्येतून मोऱ्या-गटारांची देखभाल आणि सफाई वगळलेली आहे. घराची दुरुस्ती काढली तर मात्र परवानगी लागते. घराबाहेरच्या शेवटच्या कुंडीपासून रस्त्याच्या लाइनीपर्यंतचा तुकडा कोणी दुरुस्त करायचा हे वॉर्ड ऑफिसातून लेखी घ्यावं. तोंडी उत्तर टेबलागणिक बदलतं.

दुसरा गोंधळ झाडाचा. नंदुरबार-धुळ्याकडच्या शहरी वाचकांसाठी महाराष्ट्राचा १९७५ चा वृक्ष कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरलं जातं. वडोदऱ्यात महानगर सेवा सदनाच्या बाग खात्यात आणि तालुक्यात मामलतदार कचेरीत आधी विचारावं. तसंही वड-पिंपळाला हात लावायला गुजराती काय नि मराठी काय, कोणीच कामगार सहज तयार होत नाही. ज्येष्ठी पौर्णिमेला दोन्हीकडच्या बायका त्याच झाडाला सूत गुंडाळतात. जाड मूळ तोडायचीच वेळ आली तर खोडाच्या जाडीच्या पाचपट अंतरापर्यंत कुऱ्हाड नेऊ नये. एका अंगाची मुळं तोडलेला वड पुढच्या वादळात घरावरच येतो.

नवी लाइन पडली की तिचा नकाशा वहीच्या पानावर का होईना, काढून ठेवावा : कुंड्या कुठे, खोली किती, वळण कुठे. लाइनीपासून दहा फुटांच्या आत तुळस, मोगरा, जास्वंद चालेल. उंबर आपोआप उगवला तर वीतभर असतानाच उपटून दुसरीकडे लावावा.