लँडस्केपचा मुलूख

बेळगावचा चित्रकार सकाळी सामान घेऊन निघतो तेव्हा ‘निसर्गचित्र काढायला चाललो’ असं म्हणत नाही. तो ‘लँडस्केपला’ जातो. काखेत ईझल असतं, वेळ कमी पडला तर नुसतं स्केच करून परततो. हे तिन्ही शब्द आपण इंग्रजी समजतो, पण इंग्रजांनी ते डचांकडून घेतले. ‘स्खेट्स’ म्हणजे कच्चं रेखाटन. तेही डचांनी इटालियनांकडून उचललेलं. ‘एझल’ म्हणजे चक्क गाढव. ओझं पेलणाऱ्या लाकडाला जनावराचं नाव द्यावं यात नवल नाही, आपल्या सुताराकडेही घोडी असतेच. तिसरा ‘लांडस्खाप’. हा मुळात चित्रकलेचा शब्दच नव्हे. त्याचा जुना अर्थ प्रांत, मुलूख. डच प्रजासत्ताकात ड्रेन्थेचा प्रदेश ‘लांडस्खाप’ म्हणूनच ओळखला जाई. 16व्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत शिरला तो मात्र चित्रकारांचा शब्द म्हणून, ‘लँडस्किप’ अशा मोडक्या उच्चारात. माल आणि मालाचं नाव एकाच गोणीतून आलं.

मुलूख हा मूळ अर्थ ध्यानात घेतला की ‘निसर्गचित्र’ हा आपला प्रतिशब्द तोकडा वाटू लागतो. बेळगावचा किल्लाच घ्या. तो 13व्या शतकाच्या आरंभी रट्टांच्या अमलात उभा राहिला. दाराशी दुर्गेचं देऊळ, आत कमल बस्ती आणि साफा मशीद, भोवती माणसांनी खणलेला खंदक. यात निसर्ग कुठला? फार तर तटावर उगवलेलं गवत. शिवाय हा भुईकोट. चित्रात टेकायला डोंगर नाही; तट म्हणजे क्षितिजाला समांतर एक लांब, गडद पट्टी, आणि ती कागदाच्या मधोमध आली की चित्र मेलं. म्हणून तिला खाली ओढायची, वरचा दोन तृतीयांश कागद आभाळाला द्यायचा, तो ओला असतानाच करडा-निळा रंग सोडायचा आणि त्याचीच फिकट छटा खंदकाच्या पाण्यात फिरवायची. बेळगावच्या पावसाळी आभाळाला हे इतकं शोभतं की तोडगा इथलाच वाटावा. पण सपाट मुलखात क्षितिज खाली बसवून आभाळ मोठं करण्याची ही रीत रुळवली ती 17व्या शतकातल्या डचांनी. किल्ल्याला उंची हवीच असली तर ते बेधडक खोटंही बोलत. याकोब फान राउस्डालने 1653 साली बेंटहाइमचा किल्ला रंगवताना तिथल्या बेताच्या टेकडीचा चांगला डोंगर करून टाकला.

डच तर वेंगुर्ल्यातच होते, मग शब्द घाट चढूनच वर आला असेल, असं कुणी म्हणेल. तर्क मोहक आहे, पण टिकत नाही. वेंगुर्ल्याची डच वखार 17व्या शतकातली. तिथल्या व्यापाऱ्यांना चित्रांपेक्षा मालाशी काम. लँडस्केप आपल्याकडे आला तो इंग्रजी उच्चारात आणि इंग्रजी कागदावर, त्यातही पलटणीच्या वाटेने. पॉल सँडबी हा स्कॉटलंडच्या लष्करी मोजणीत नकाशे काढणारा माणूस. 1768पासून तो वुलिचच्या लष्करी अकादमीत चित्रकला शिकवत होता. ईस्ट इंडिया कंपनीने 1809 साली ॲडिस्कोंबला स्वतःची लष्करी शाळा काढली, तिथेही चित्रकला शिकवली जाई. शत्रूचा तट, चढाव, पाण्याची जागा झटपट टिपायची तर तैलरंग वाळायची वाट कोण पाहणार? त्यापेक्षा जलरंग सोयीचे. 1818च्या एप्रिलात बेळगावचा किल्ला कंपनीचा सेनानी थॉमस मन्रो याच्या हाती पडला आणि पुढे शेजारी लष्करी कॅम्प वसला. किल्ला सुंदर दिसायला त्याच्यावरच्या तोफा आधी गप्प व्हाव्या लागतात, हे जरा कडवट आहे, पण तसंच आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: पारदर्शक जलरंगाची परंपरा इंग्रजांची, मग डचांना श्रेय कशाला? बरोबर आहे. लंडनमध्ये जलरंगकारांची संस्था 1804 साली निघाली, हेगमध्ये 1876ला. पण माध्यम आणि नजर यांचं कूळ एकच असावं असा नियम नाही. आपल्याकडेही पाण्यात कालवलेले रंग होतेच, पिंगुळीच्या चित्रकथींत ते आहेत. पण तिथे रंगांनी सांगायची असते ती कथा. रिकामा कागद हाच उजेड मानायचा आणि नुसत्या जागेलाच विषय करायचं, हे वळण 1857 साली सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे.सारख्या कलाशाळांतून रुळलं. बेळगावात के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली चित्रकार रवी परांजपे घडले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी, आणि तोवर शब्दाचं परकेपण कुणाला जाणवतही नव्हतं. हिंदीतला ‘भूदृश्य’ अर्थाला जवळचा, पण त्यात माणसाचा अंमल नाही. मराठीत ‘मुलूखचित्र’ नेमकं बसेल. पण महाराष्ट्र-कर्नाटकाच्या या सीमेवर मुलूख म्हटलं की पहिला प्रश्न येतो ‘कुणाचा?’, त्यामुळे चित्रकार आपला लँडस्केपलाच जातो.