पुसलेल्या नोंदीचा मृत्यूचा दाखला

संगणकावरची नोंद पुसली की ती गेली, असं आपण धरून चालतो. एकाच यंत्रापुरतं ते बरोबरही आहे. पण तीच नोंद तीन शहरांतल्या तीन यंत्रांवर असेल तर? पहिल्यावर ती पुसली, दुसऱ्यापर्यंत निरोप पोचला, तिसऱ्याची लाईन नेमकी तेव्हा बंद होती. लाईन आल्यावर तिसरं यंत्र बाकीच्यांशी यादी ताडून पाहतं. त्याच्याकडे एक नोंद जास्त निघते. बाकीचे दोघे समजतात, ही नवी आहे आणि आपल्याकडे यायची राहिली. ते ती उतरवून घेतात आणि पुसलेली नोंद तिन्ही ठिकाणी पुन्हा हजर! यात चुकलं कुणाचंच नाही.

आजच्या कितीतरी मोठ्या सेवा माहितीच्या अनेक प्रती ठेवतात, पण त्या क्षणोक्षणी तंतोतंत जुळाव्यात असा हट्ट धरत नाहीत. नवे बदल थांबले तर यथावकाश सगळ्या प्रती एकसारख्या होतील, एवढीच त्यांची हमी. तिला इव्हेंच्युअल कन्सिस्टन्सी म्हणतात. अशा कारभारात नोंद पसरवायला फारसे कष्ट पडत नाहीत; घाम फुटतो तो पुसताना. त्यावरच्या तोडग्याचं मूळ पन्नास वर्षं मागे जातं.

जानेवारी १९७५ मध्ये अमेरिकेतल्या बीबीएन कंपनीच्या पॉल जॉन्सन आणि रॉबर्ट थॉमस यांनी आर्पानेट या संगणक-जाळ्यासाठी एक टिपण लिहिलं. त्याचा क्रमांक आरएफसी ६७७. एकाच माहितीच्या प्रती निरनिराळ्या यंत्रांवर असतील आणि त्यांच्यावर कुणी मुखत्यार नसेल, तर मेळ कसा राखायचा, हा त्यांचा प्रश्न. उत्तर असं : प्रत्येक बदलावर वेळेचा शिक्का मारायचा आणि ज्याचा शिक्का नंतरचा, तो बदल ग्राह्य धरायचा. वेळ सारखीच निघाली तर यंत्राच्या ओळखक्रमांकावरून निवाडा. पुसायची नोंद मात्र काढून टाकायचीच नाही. तिच्यावर 'रद्द' अशी खूण करून ती जपायची. ती रद्द झाल्याचं सगळ्या यंत्रांना कळलंय अशी खात्री पटली, की मगच जागा मोकळी करायची. अडचण एवढीच, की एखादं यंत्र महिनोन्‌महिने बंद पडलं तर ही खात्री कधी पटायची?

यंत्रं शेकड्यांनी वाढली तेव्हा प्रतींचा मेळ राखण्याची अडचण झेरॉक्समध्ये ठळकपणे पुढे आली. कंपनीचं जाळं जगभर पसरलेलं होतं. जपानहून युरोपला निघालेल्या संदेशाला वाटेत १४ पर्यंत गेटवे आणि ७ पर्यंत टेलिफोन लाईन ओलांडाव्या लागत. नावावरून पत्ता शोधून देणारी क्लिअरिंगहाउस ही सेवा या जाळ्यावर चाले. तिच्या प्रती रात्री एकमेकींशी ताडल्या जात आणि तफावत दिसली की दुरुस्ती सगळ्यांना इलेक्ट्रॉनिक टपालाने कळवली जाई. ३०० ठिकाणी प्रती असल्या आणि प्रत्येक ठिकाणाने बाकी सगळ्यांना कळवायचं ठरवलं, तर एका रात्रीत जवळपास ९०,००० संदेश! जाळं तुंबणारच.

१९८७ मध्ये झेरॉक्समधल्याच ॲलन डीमर्स, डग टेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर शोधनिबंध लिहिला. साथीचे रोग कसे पसरतात याचं गणित त्यांनी माहितीला लावलं : प्रत्येक यंत्राने अधूनमधून कुठलंही एक यंत्र निवडायचं आणि त्याच्याशी नोंदी ताडायच्या. बातमी सगळीकडे पोचते. पण नोंद 'नसणं' या रीतीने पसरत नाही; उलट जुनी प्रतच पुन्हा पसरते. म्हणून पुसलेल्या नोंदीच्या जागी त्यांनी तारीखवार 'मृत्यूचा दाखला' ठेवला आणि तो इतर नोंदींसारखाच सगळीकडे फिरवला.

दाखले ठेवायचे किती दिवस? उदाहरणादाखल त्यांनी ३० दिवसांची मुदत घेतली. पण मुदतीनंतर जुनी प्रत उगवलीच तर? त्यासाठी काही मोजक्या यंत्रांवर दाखले निद्रिस्त अवस्थेत जपायचे, असं त्यांनी सुचवलं. जुनी प्रत समोर आली की दाखला जागा होऊन पुन्हा फिरू लागतो.

ॲमेझॉनने २००७ मध्ये आपल्या डायनॅमो या डेटा साठवणाऱ्या प्रणालीची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा हा पेच खरेदीच्या पिशवीत दिसला. पिशवीच्या दोन प्रतींत फरक पडला तर दोन्ही एकत्र करायच्या. त्यामुळे घातलेली वस्तू कधी हरवत नाही, पण काढून टाकलेली एखादी परत येऊ शकते. गिऱ्हाईक ती पुन्हा काढेल. हरवलेल्या वस्तूने मात्र विक्री बुडेल. दुकानदाराचा हिशेब सरळ होता.

डायनॅमोच्या निबंधाचे एक लेखक अविनाश लक्ष्मण. त्यांनी पुढे फेसबुकमध्ये प्रशांत मलिक यांच्यासोबत कॅसान्ड्रा ही डेटा साठवणारी प्रणाली उभारली. तिथे या दाखल्याला टूम्बस्टोन म्हणतात आणि कुणी बदलली नाही तर त्याची मुदत असते ८,६४,००० सेकंद, म्हणजे दहा दिवस. ती वाढवता येते, पण फुकट नाही. वाचताना हे सगळे दाखले ओलांडावे लागतात. एका शोधात हजारावर भेटले की प्रणाली इशारा देते, लाखावर गेले की शोधच थांबवते. मुदत आखडली तर जुन्या नोंदी उठून बसण्याची भीती. म्हणून कॅसान्ड्रा सांभाळणाऱ्यांचा एक नियम ठरलेला असतो : मुदतीपेक्षा जास्त दिवस बंद राहिलेलं यंत्र तसंच परत जोडायचं नाही. त्यावरचा डेटा पूर्ण पुसायचा आणि शेजारच्या यंत्रांकडून नव्याने भरून घ्यायचा.