आकाश मोठे, पण वाट एकच : ग्लायडरमधील टक्कर-सूचकाचा इतिहास

दुपारचे ऊन तापले की घारी पंख न हलवता आकाशात वर चढताना दिसतात. एक घार घिरट्या घालू लागली की थोड्याच वेळात आणखी तीन-चार तिला येऊन मिळतात. तापलेल्या जमिनीवरून वर उठणारा गरम हवेचा स्तंभ त्यांना उचलून नेत असतो. ग्लायडर हे इंजिन नसलेले विमान नेमके हेच करते. पुण्याजवळच्या हडपसर येथील ग्लायडिंग केंद्रामुळे महाराष्ट्रातील अनेकांना हा प्रकार परिचित आहे. मात्र घारीसारखे उडायचे तर घारींसारखी गर्दीही होते, आणि माणसाला घारीची नजर नाही.

एवढ्या अफाट आकाशात दोन ग्लायडर एकमेकांवर आदळतीलच कसे, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. याचे उत्तर असे, की ग्लायडरला सगळे आकाश उपयोगाचे नसते. हवा जेथे वर चढते तेवढीच जागा त्याच्या कामाची, आणि ती सर्वांनाच हवी असते.

गर्दी कशी वाढली?

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर इंजिनाची विमाने बांधण्याबाबत कडक बंधने घातली. तेथील तरुण मग ग्लायडरकडे वळले. १९२० मध्ये वासरकुप्पे या डोंगरावर ग्लायडरची पहिली स्पर्धा भरली. वारा डोंगराच्या उतारावर आपटून वर वळतो. या वाऱ्यावर तरंगत १९२२ मध्ये आर्थर मार्टेन्स याने एक तासाहून अधिक वेळ उड्डाण केले. पुढे १९२८ च्या सुमारास व्हेरिओमीटर हे उपकरण ग्लायडरमध्ये आले. आपण वर चढतो आहोत की खाली उतरतो आहोत, हे ते दाखवते. त्यामुळे गरम हवेचे अदृश्य स्तंभ शोधणे शक्य झाले आणि ग्लायडर डोंगर सोडून मैदानावर दूरवर जाऊ लागले.

यातूनच शिस्तीचे नियम तयार झाले. हवेच्या स्तंभात जो पहिला शिरेल त्याने घिरट्यांची दिशा ठरवायची. नंतर येणाऱ्यांनी त्याच दिशेने फिरायचे. डोंगरकड्याजवळ वळताना नेहमी डोंगरापासून दूर वळायचे. या सर्व नियमांच्या मुळाशी एकच तत्त्व होते : पाहा आणि टाळा. अनेक दशके ग्लायडरची सुरक्षितता या दोन शब्दांवर उभी होती. वैमानिक पाठीला हवाई छत्री बांधून उडत, हेही या तत्त्वाच्या मर्यादेची मूक कबुलीच म्हणायची.

डोळा कोठे कमी पडतो?

समोरासमोर येणाऱ्या दोन ग्लायडरचा वेग ताशी १५० किलोमीटर धरू. दोघांमधले अंतर ताशी ३०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ८३ मीटर या वेगाने घटते. समोरचे विमान दिसणे, ते विमान आहे हे ओळखणे, ते आपल्याच वाटेवर आहे हे उमगणे, काय करायचे ते ठरवणे, हात हलवणे आणि विमानाने प्रत्यक्ष वळणे या साऱ्यासाठी साडेबारा सेकंद लागतात, असे वैमानिकांना शिकवले जाते. तेवढ्या वेळात अंतर सुमारे १०४० मीटरने घटते. म्हणजे समोरचा ग्लायडर एक किलोमीटरहून अधिक अंतरावरच दिसायला हवा. त्याच्या सडपातळ धडाची समोरून दिसणारी रुंदी जेमतेम ७० सेंटिमीटर असते. एक किलोमीटरवरून ती पूर्णचंद्राच्या व्यासाच्या बाराव्या भागाएवढी दिसते!

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. आपला डोळा हालचाल चटकन टिपतो. पण सरळ रेषेत व स्थिर वेगाने टकरीच्या दिशेने येणारी वस्तू आपल्या दृष्टिक्षेत्रात एकाच जागी स्थिर राहते. हे मैदानावर करून पाहता येते. दोन विद्यार्थ्यांना चौकोनी मैदानाच्या लगतच्या दोन बाजूंवरून, एकाच कोपऱ्याकडे, कोपऱ्यापासून सारख्या अंतरावरून व सारख्या चालीने चालायला सांगावे. चालताना प्रत्येकाला दुसरा सतत ४५ अंशांवरच दिसेल. जो धोकादायक तोच हलत नाही. फक्त आकाराने वाढत जातो, आणि तोही शेवटच्या काही क्षणांत भराभर.

त्यात ग्लायडरचा रंग पांढरा. १९५७ मध्ये जर्मनीत ‘फिनिक्स’ हा काचतंतूंचा पहिला ग्लायडर उडाला आणि लाकूड हळूहळू मागे पडले. तंतूंना बांधून ठेवणारे रेझिन उन्हाने तापून नरम पडू नये म्हणून असे ग्लायडर पांढरे ठेवतात. ढगांच्या पार्श्वभूमीवर ते शोधणे किती कठीण, याची कल्पना करावी.

मोठ्या विमानांची वाट

याच काळात प्रवासी विमानांनाही डोळ्यांची मर्यादा जाणवू लागली होती. ३० जून १९५६ रोजी अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानांची टक्कर होऊन १२८ जण मृत्युमुखी पडले. त्या दशकात जॉन मॉरेल या शास्त्रज्ञाने मूलभूत विचार मांडला : दोन विमानांमध्ये अंतर किती यापेक्षा टकरीला वेळ किती उरला, हे महत्त्वाचे. दोघांमधील अंतराला अंतर घटण्याच्या वेगाने भागले की हा वेळ मिळतो. या कल्पनेवर पुढे टीकॅस ही यंत्रणा उभी राहिली. ती आसपासच्या विमानांतील ट्रान्सपाँडरला रेडिओवरून प्रश्न विचारते, उत्तरावरून धोका ओळखते आणि वैमानिकाला ‘चढा’ किंवा ‘उतरा’ असे सांगते. अमेरिकेने १९८७ मध्ये कायदा करून ती सक्तीची करण्याचे ठरवले. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ जण दगावले. त्यानंतर भारतानेही अशी यंत्रणा बंधनकारक केली.

मग हीच यंत्रणा ग्लायडरमध्ये का बसवली नाही? एक तर ती जड, महाग आणि विजेची भुकेली. ग्लायडरमध्ये इंजिनच नाही, तेव्हा जनित्रही नाही. असते ती छोटी बॅटरी. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ताशी ९० किलोमीटर वेगाने, ४० अंश कलून घिरट्या घालणारा ग्लायडर सुमारे ७६ मीटर त्रिज्येचे वर्तुळ १९ सेकंदांत पूर्ण करतो. वर्तुळाच्या दोन टोकांना दोन ग्लायडर असतील तर त्यांच्यात १५० मीटरच अंतर असते. तरीही दोघे एकाच दिशेने फिरत असल्याने ते सुरक्षित असतात. प्रवासी विमानांसाठी आखलेली यंत्रणा येथे सतत ओरडत राहील, आणि सतत ओरडणाऱ्या यंत्राकडे कोणी लक्ष देत नाही.

२००४ हेच साल का?

उत्तर शोधले ते ग्लायडरच्या वैमानिकांनीच. स्वित्झर्लंडमध्ये ग्लायडरच्या काही जीवघेण्या टकरी झाल्यावर उर्स रोथाखर आणि आंद्रेआ श्लापबाख यांनी २००३ मध्ये काम सुरू केले. उर्बान मेडर त्यांना नंतर येऊन मिळाले. २००४ मध्ये ‘फ्लार्म’ हे यंत्र बाजारात आले.

हे आधी का घडले नाही? १ मे २००० पर्यंत अमेरिका जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम चूक मिसळत असे, आणि स्थान शंभर मीटरपर्यंत चुकू शकत असे. त्या रात्री ती चूक काढली गेली आणि साधा ग्राहकही दहा-वीस मीटरांपर्यंत अचूक झाला. शिवाय जीपीएसचे ग्राहक लहान व स्वस्त झाले होते. युरोपात ८६८ मेगाहर्ट्झच्या आसपास, २५ मिलिवॅटपर्यंतच्या शक्तीने, परवान्याशिवाय प्रक्षेपण करता येत होते. या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे तयार होत्या. त्या एका डबीत आणण्याचे काम तेवढे उरले होते.

फ्लार्म कोणाला प्रश्न विचारत नाही. ते जीपीएस आणि वायुदाबमापक यांच्या आधारे स्वतःचे स्थान व उंची काढते, पुढील सुमारे वीस सेकंदांत आपण कोठे असू याचा अंदाज बांधते आणि तो साधारण दर सेकंदाला आसपास कळवते. वळणारा ग्लायडर वळतच राहील, हे हा अंदाज धरून चालतो. इतरांकडून आलेल्या अंदाजांशी आपला मार्ग ताडून धोका असेल तरच यंत्र बीप वाजवते आणि दिशा दाखवणारा दिवा लावते; वेळ कमी उरेल तशी घाई वाढते. ‘चढा’ किंवा ‘उतरा’ असे मात्र ते सांगत नाही. शेजारी डोंगर आहे की यंत्र नसलेला तिसरा ग्लायडर, हे त्याला ठाऊक नसते. साडेबारा सेकंदांपैकी पाहण्या-ओळखण्यात जाणारा वेळ ते वाचवते. पाहणे मात्र वैमानिकानेच करायचे.

बसवण्यातील भौतिकशास्त्र

८६८ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३४.५ सेंटिमीटर, तिचा चौथा भाग साडेआठ सेंटिमीटरांच्या आसपास. म्हणूनच या यंत्राच्या अँटेना बोटाएवढ्या असतात. त्या उभ्या आणि धातूच्या वस्तूंपासून दूर बसवाव्या लागतात. काचतंतूंतून रेडिओ लहरी सहज आरपार जातात, पण आधुनिक ग्लायडरमधील कार्बन तंतू विजेचे वाहक असल्याने त्या अडवतात. चुकीच्या जागी बसवलेले यंत्र पुढचे सारे ‘ऐकते’ आणि मागून किंवा खालून येणाऱ्याबाबत बहिरे राहते. दिवा तर लागलेला असतो! म्हणून उड्डाणांच्या नोंदी तपासून कोणत्या दिशेला किती पल्ला मिळतो, हे पाहण्याची पद्धत रूढ झाली.

सर्वांनी घेतले तरच

या यंत्राचे गणित लसीकरणासारखे आहे. एकट्याने घेतलेले यंत्र कोणाशीच बोलू शकत नाही. दहापैकी पाच ग्लायडरवर ते असेल, तर यदृच्छेने भेटणाऱ्या जोड्यांपैकी ०.५ × ०.५, म्हणजे २५ टक्के जोड्यांनाच इशारा मिळेल. दहापैकी नऊ जणांकडे असेल तर ८१ टक्के. आल्प्सच्या परिसरातील ग्लायडिंग क्लबांनी हे ओळखले आणि कायद्याची वाट न पाहता थोड्याच वर्षांत यंत्रे बसवली.

या यशातून नवे प्रश्नही उभे राहिले. स्पर्धांत काही जण दुसऱ्याचा चढण्याचा वेग पडद्यावर पाहून चांगला स्तंभ गाठू लागले. त्यावर उपाय म्हणून इशारा मिळेल पण बाकी माहिती झाकली जाईल, अशी सोय करावी लागली. सर्व यंत्रांची भाषा एकच राहावी म्हणून आज्ञावली ठरावीक मुदतीत बदलावी लागते. ही भाषा एका खासगी कंपनीच्या हाती असावी का, यावरही वाद झाला. २०२२ च्या अखेरीस युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने अशाच संदेशांसाठी खुली पद्धती प्रसिद्ध केली.

प्रवासी विमानांची सुरक्षितता सक्तीच्या कायद्याने आली. ग्लायडरची आली ती शेजाऱ्याने यंत्र बसवले म्हणून आपणही बसवण्यातून. उरलेल्या १९ टक्के जोड्यांसाठी मात्र आजही जुनेच तत्त्व आहे : पाहा आणि टाळा.