किरायाचे घर आणि १९४९चा आदेश

आमच्या वर्ध्यात लोक भाड्याने नव्हे, किरायाने राहतात. माझे बालपण अशाच दोन खोल्यांत गेले. वडील कारकून. ते गेल्यावर त्यांची लोखंडी पेटी उघडली, तेव्हा दोऱ्यात ओवलेल्या किरायाच्या पावत्या निघाल्या. एकही महिना गहाळ नव्हता. दागिने जपावेत तशा त्या का जपल्या असतील, हे शोधताना मी जुन्या कायद्यांपर्यंत पोचलो.

हे शहर मुळात कचेरीसाठी वसले. १८६२ मध्ये नागपुरातून वर्धा जिल्हा वेगळा झाला, तेव्हा मुख्यालय पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये ते पालकवाडीच्या जागी आले आणि नवे शहर आखले गेले. कचेरीमागोमाग कारकून, वकील, मास्तर आले. बदलीवर आलेल्या माणसाचे इथे ना शेत, ना वाडा. तो किरायानेच राहणार.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई झाली. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने १९४६ मध्ये कायदा केला आणि त्याखाली १९४९ मध्ये भाडे नियंत्रणाचा आदेश काढला. त्याचे तेरावे कलम हेच आमच्या खोल्यांचे खरे छप्पर. भाडे नियंत्रकाच्या लेखी परवानगीशिवाय मालकाला घर सोडण्याची नोटीसच देता येत नसे. परवानगीसाठी कारण लागे : तीन महिन्यांचा किराया थकला, पोटभाडेकरू ठेवला, किंवा मालकाला स्वतःलाच जागा हवी आहे. परवानगीनंतर नोटीस, नोटिशीनंतर दिवाणी दावा. पुढे १९५० मध्ये आम्ही मध्यप्रदेशात, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबईत आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलो. मुंबई-पुण्याला १९४७चा मुंबईचा कायदा होता, मराठवाड्याला १९५४चा हैदराबादचा. राज्ये बदलली, पण विदर्भाला आदेश १९४९चाच राहिला.

आता पावत्यांचा अर्थ लागला. आमच्या घरमालकीणबाई विधवा होत्या. मुलाचे लग्न ठरले, म्हणून त्यांनी खोल्या मागितल्या आणि अर्ज केला. थकबाकीचा मुद्दा निघाला, तेव्हा वडिलांनी पावत्यांची माळ पुढे ठेवली. तारखा पडत गेल्या. लहानपणी मला त्या बाई दुष्ट वाटत. आदेश वाचल्यावर कळले, त्यांची गरज कायद्यालाही मान्य होती. ती सिद्ध होईपर्यंत मात्र त्यांची सून एकाच खोलीत संसार करत होती. आम्ही जागा सोडली, तेव्हा त्यांचा नातू चालू लागला होता.

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला आणि तिन्ही कायदे संपले. आता करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात. मात्र 'लिव्ह अँड लायसन्स'ने राहायला घेतलेली जागा मुदत संपली की सोडावी लागते. न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई.

आज वर्ध्याभोवती सावंगी, पिपरी, सिंदी, बोरगाव ही 'मेघे' लावणारी गावे शहराला चिकटली आहेत. सावंगीत वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे किरायेदारांची वाण नाही. माझा मुलगा तिथे अकरा महिन्यांच्या करारावर फ्लॅटमध्ये राहतो. त्याचा मालक निर्धास्त आहे. मुलाने मात्र दोन वर्षांत पुस्तकांची खोकी पूर्ण उघडलेली नाहीत. जुन्या आदेशाने मालकीणबाईंना ताटकळत ठेवले. नव्या कराराने ती ताटकळ माझ्या मुलाच्या वाट्याला आली. तो किराया मोबाईलवरून भरतो. मी त्याला एवढेच सांगतो, बाबा रे, पावती माग.